पाळत, खासगीपणा आणि गृहसचिवांची सही

सरकारी पाळतीपासून खासगीपणा जपण्याचा घटनात्मक हक्क भारतीय नागरिकाला आहे का, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाले. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले की, खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा आणि एकूणच मूलभूत हक्कांच्या प्रकरणाचा अंगभूत भाग आहे. हक्क आहे की नाही, हा वाद तिथे मिटला. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. ज्या हक्काचा भंग झाल्याचे नागरिकाला कधी कळतच नाही, ज्याच्या भंगाला परवानगी देणारा सचिव भंग करणाऱ्या यंत्रणेच्याच सरकारातला असतो, आणि भंग उघड झाला तरी ज्याची झळ सहसा कोणाला लागत नाही, तो हक्क निकालपत्रात कितीही भक्कम असला तरी नागरिकाच्या हाती आलेला नाही. पाळतीचा आदेश कार्यकारी यंत्रणेबाहेरच्या, न्यायिक अधिकार असलेल्या व्यक्तीने तपासल्याशिवाय अमलात येऊ नये, ही किमान अट २०१७ च्या निकालातूनच निघते. ती अट सरकारने मानलेली नाही आणि न्यायालयानेही ती लादण्याचे आजवर टाळले आहे.

ज्यांना हा हक्क घटनेत मुळात दिसतच नाही, त्यांच्याजवळ एक भारदस्त युक्तिवाद आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे. हा विषय घटनाकारांसमोर आला होता आणि त्यांनी तो समजून-उमजून सोडून दिला, असा तो युक्तिवाद. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेसाठी १९४७ साली तयार केलेल्या निवेदनात, अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर, माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू अवाजवी झडती-जप्तीपासून सुरक्षित असाव्यात, असे कलम घातले होते. कन्हैयालाल मुनशींच्या मसुद्यातही घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे हक्क होते. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी त्यांवर आक्षेप घेतले आणि ती कलमे गळाली. पुढे ३० एप्रिल १९४७ रोजी सोमनाथ लाहिरींनी पत्रव्यवहाराच्या गुप्ततेची मागणी सभागृहात केली, तीही फळाला आली नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयीची दुरुस्ती मांडली, तेव्हा आंबेडकरांनी ती उपयुक्त असल्याचे म्हटले होते. तरीही ती घटनेत आली नाही. हा इतिहास खरा आहे. मात्र आक्षेप कशावर होता, हे त्यात पाहावे लागते. झडतीचे पोलिसी काम अडेल आणि खासगी पत्रे पुराव्यात आणणे अवघड होईल, ही आक्षेपकांची भीती होती. तपासाच्या एका विशिष्ट बंधनाला त्यांनी नकार दिला. नागरिकाच्या खासगी आयुष्यात शासनाला मोकळे रान द्यावे, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे दिसत नाही. शिवाय घटनेच्या मजकुरात शब्द नाही म्हणून हक्क नाही, हा न्याय लावायचा तर वृत्तपत्रस्वातंत्र्यही उरणार नाही, कारण तोही शब्द घटनेत नाही. तो हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातूनच काढला गेला आणि त्या मालिकेतला एक महत्त्वाचा निकाल पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यातला आहे.

पाळत आणि स्वातंत्र्य यांची पहिली थेट गाठ १९६२ साली खरक सिंग यांच्या खटल्यात पडली. उत्तर प्रदेशातल्या या माणसाचे नाव १९४१ मध्ये एका दरोड्याच्या प्रकरणात आले होते आणि पुराव्याअभावी तो सुटला होता. तरीही पोलिसांनी त्याची ‘हिस्टरी शीट’, म्हणजे सराईत संशयितांवर नजर ठेवण्यासाठीची नोंद, उघडली. पोलीस नियमावलीतल्या २३६ व्या नियमानुसार त्याच्या घरावर गुप्तपणे नजर ठेवता येत होती, रात्री घरी जाऊन तो आहे की नाही हे पाहता येत होते, त्याच्या हालचालींची नोंद ठेवता येत होती. त्याच्या तक्रारीनुसार गावचा चौकीदार आणि शिपाई अवेळी येत, दार ठोठावत, ओरडून त्याला झोपेतून उठवत आणि परगावी जायचे तर कुठे व कधी परतणार हे सांगून जावे लागे. सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण बाकीची पाळत कायम ठेवली आणि बहुमताच्या निकालात खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही, असे स्पष्ट लिहिले. न्या. सुब्बा राव यांनी न्या. शहा यांच्यासह वेगळे मत नोंदवले. पोलिसाच्या रोखलेल्या नजरेखाली होणाऱ्या हालचालीला मुक्त हालचाल कसे म्हणायचे, अशा माणसाला सगळा देशच तुरुंग होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खरक सिंग निकालाचा तो भाग रद्द केला आणि अल्पमतातली ती भूमिका देशाचा कायदा झाली. (याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असे सांगणारा जबलपूर खटल्याचा निकालही मोडीत काढला, ज्यात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड बहुमतात होते. न्यायसंस्थेला आपली चूक दुरुस्त करायला एक पिढी लागते, हे त्यातून दिसले खरे.)

खरक सिंग यांना निदान पाळत दिसत होती. दार वाजत होते, म्हणून ते न्यायालयात जाऊ शकले. फोनवरच्या पाळतीत दार वाजत नाही, आणि नेमका हाच फरक आपल्या कायद्याने आजवर मनावर घेतलेला नाही.

फोनवरच्या पाळतीचा कायदा २०२४ पर्यंत मूलतः १८८५ चाच होता. भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५(२) नुसार ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवली असेल किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’साठी गरज असेल, तरच संदेश मध्येच अडवून ऐकता येत होता, आणि तेही सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे यांपैकी एखाद्या कारणासाठीच. या अटी कागदावरच राहत होत्या, हे राजकारण्यांनीच देशाला दाखवून दिले. १९८८ साली फोन टॅपिंगच्या आरोपांवरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पायउतार व्हावे लागले. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या निवासस्थानावर हरियाणाचे दोन पोलीस नजर ठेवताना सापडले आणि त्या निमित्ताने चंद्रशेखर यांचे सरकार गेले. त्याआधी, १९८६ मध्ये, टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. पाळतीचा त्रास सर्व पक्षांनी विरोधात असताना भोगला आहे आणि सत्तेत आल्यावर तिचे अधिकार जपले आहेत. म्हणून या प्रश्नाला एखाद्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात उभे करणे मला निरर्थक वाटते.

‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेला निकाल या क्षेत्रातला मैलाचा दगड मानला जातो. घरातून किंवा कार्यालयातून फोनवर केलेले बोलणे हा खासगीपणाचा भाग आहे, आणि ‘सार्वजनिक आणीबाणी’ व ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या परिस्थिती कोणाही समंजस माणसाला दिसतील अशा उघड असायला हव्यात, असे न्यायालयाने म्हटले. मात्र आदेशाआधी न्यायाधीशाची संमती घ्यावी, ही याचिकाकर्त्यांची मागणी, मूळ कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून, त्याने मान्य केली नाही. त्याऐवजी आदेश केंद्रात केंद्रीय गृहसचिवांनी आणि राज्यात राज्याच्या गृहसचिवांनी काढावा, त्याची मुदत दोन महिन्यांची असावी, ती वाढली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि आदेश योग्य होता की नाही हे एका समितीने तपासावे, अशी चौकट घालून दिली. तीच पुढे तार नियमांतला ‘नियम ४१९-अ’ झाली. तार अधिनियमाच्या जागी आता दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियमही आले; पण सांगाडा तोच आहे. गृहसचिव आदेश काढतात. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव यांची, तर राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती तो तपासते. सचिवाने काढलेला आदेश सचिवांनीच तपासायचा.

ही तपासणी कशी होते, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ च्या अहवालात नोंदवले की, आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यासमोर १५,००० ते १८,००० आदेश असतात. समितीने पाणी प्यायलाही न उठता सलग आठ तास काम केले, असे धरू. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००. म्हणजे एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत, आणि तेवढ्यात त्या माणसावर संशय का, दुसऱ्या कोणत्या मार्गाने माहिती मिळाली नसती का, ‘सार्वजनिक सुरक्षितता’ कुठे धोक्यात आली, हे सारे तपासायचे. श्रीकृष्ण समितीने सौम्य भाषेत हे काम अवास्तव म्हटले आहे. आदेश काढणाऱ्याची स्थितीही वेगळी नाही. महिन्याला हजारो आदेशांवर सही करायची असेल, तर देशाच्या सर्वांत व्यग्र अधिकाऱ्यांपैकी एक असलेले गृहसचिव प्रत्येक कागद वाचतात, यावर कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवणार नाही.

आता याच्या शेजारी घराची झडती ठेवून पाहावी. पोलीस घरात शिरतात तेव्हा सर्वसाधारणपणे दंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागते. तातडीच्या प्रसंगी ते नसले तरी कारणे लिहून ठेवावी लागतात. परिसरातले दोन पंच बोलवावे लागतात. काय जप्त केले त्याची यादी होते, पंचांच्या सह्या होतात, पंचनाम्याची प्रत घरमालकाला मिळते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने तर झडतीचे चित्रीकरणही आवश्यक केले आहे. या पंचनाम्यांत किती पळवाटा असतात आणि ‘ठरलेले पंच’ कसे असतात, हे जिल्हा न्यायालयात चार दिवस बसलेला कोणीही सांगेल. तरीही त्या कागदामुळे आरोपीच्या वकिलाला प्रश्न विचारायला जागा मिळते. कपाटातली वही उचलायला एवढा सोपस्कार, आणि माणसाचे सहा महिन्यांचे प्रत्येक बोलणे ऐकायला पंच नाहीत, यादी नाही, प्रत नाही, दंडाधिकारी नाही. ही विसंगती घटनेच्या कोणत्या तत्त्वात बसते, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालेले नाही.

इंटरनेटवरच्या पाळतीत तर जुन्या कायद्याची अटही गळून पडली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये सार्वजनिक आणीबाणीची किंवा सुरक्षिततेची पूर्वअट नाही आणि ‘कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी’ हे कारणही पुरते. २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने या कलमाखाली दहा यंत्रणांना अधिकार दिले. फोनवर बोलणाऱ्याला जे तुटपुंजे संरक्षण आहे, तेही तेच बोलणे लिहून पाठवणाऱ्याला नाही. नव्या टपाल कायद्यानेही (२०२३) पत्रे अडवण्याचे अधिकार ठेवले आहेत, आणि वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात तर केंद्र सरकार आपल्याला हव्या त्या यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्यातूनच सूट देऊ शकते. झैलसिंग यांनी जे अडवले होते, ते आता फारशी चर्चा न होता कायद्याच्या पुस्तकात आले आहे.

न्यायालयाला याची जाण नाही, असे म्हणता येत नाही. २०१७ च्या निकालाने खासगीपणात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी घालून दिली, न्या. कौल यांनी त्यात गैरवापर रोखणाऱ्या कार्यपद्धतीची भर घातली. वर्षभराने, सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून आधारची माहिती उघड करण्याचा अधिकार सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याला देणारी तरतूद बहुमताने रद्द केली आणि अशा निर्णयात वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर न्यायिक अधिकारी, शक्यतो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, असावा असे सुचवले. म्हणजे बोटांचे ठसे द्यायचे तर न्यायाधीश हवा, पण बोलणे ऐकायचे तर गृहसचिव पुरे. संसदेने २०१९ मध्ये आधार कायदा दुरुस्त करताना ‘सहसचिव’ या शब्दाच्या जागी ‘सचिव’ घातला आणि न्यायाधीशाला बाहेरच ठेवले.

हक्काला दात असतात ते त्याच्या भंगाच्या परिणामांमुळे. आपल्याकडे बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावाही ग्राह्य धरण्याची परंपरा पूरन मल खटल्यापासून, म्हणजे १९७३ पासून आहे. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, फोन ऐकताना कार्यपद्धतीचे पालन झाले नसले तरी तो पुरावा बाद होत नाही, असे म्हटले. नियम मोडला तरी फळ हाती राहणार असेल, तर नियम पाळण्याचा हिशेबच बसत नाही. या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल वेगळा उठून दिसतो. लाचेच्या आरोपाच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश काढले गेले होते. त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, सुरक्षितता कुठे धोक्यात आहे, असे विचारून न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. २०१७ चा निकाल खालपर्यंत झिरपला तर कसा दिसेल, हे त्यातून कळते. पण ती वाट अजून पक्की झालेली नाही. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठा भ्रष्टाचार हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो असे म्हणून असा आदेश उचलून धरला, तर त्याच सुमारास मद्रास उच्च न्यायालयाने निव्वळ गुन्हा शोधण्यासाठी चोरून फोन ऐकणे कलम ५(२) मध्ये बसत नाही, असे सांगितले. नागरिकाचा मूलभूत हक्क तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून राहणे फार काळ चालू शकणार नाही. आणि लक्षात घ्यायचे ते असे की, या सर्व प्रकरणांत माणसाला टॅपिंग कळले ते त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. ज्यांच्यावर काहीच सापडले नाही, म्हणजे जे निर्दोष होते, त्यांना हा दरवाजाही उघडा नाही.

फोन ऐकण्याइतकीच चर्चा ‘सीडीआर’ची व्हायला हवी आणि ती होत नाही. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ, कोणत्या टॉवरवरून फोन केला, याची ही नोंद दूरसंचार कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवावी लागते आणि ती मिळवायला गृहसचिवांची सही लागत नाही. पोलिसांच्या पत्रावर काम होते. बोलणे न ऐकताही माणसाचे आजारपण, त्याची मैत्री, त्याचा पत्रकाराशी झालेला संपर्क हे सारे या नोंदीतून वाचता येते. २०१३ मध्ये राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे सीडीआर बेकायदा मिळवल्याच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांच्या एका शिपायाला अटक झाली. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकण्याचा धंदा उघडकीला आणला आणि खासगी गुप्तहेरांना पकडले. सरकारने साठवलेली किंवा साठवायला लावलेली माहिती सरकारकडेच राहील, या गृहीतकावर पाळतीचे समर्थन करणाऱ्यांनी या दोन घटनांचा विचार करावा.

पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तिथे तार अडवली जात नाही, सबंध उपकरणच ताब्यात घेतले जाते. जुलै २०२१ मध्ये ते बाहेर आल्यावर सरकारने हे सॉफ्टवेअर वापरले की नाही, याचे सरळ उत्तर सर्वोच्च न्यायालयालाही दिले नाही. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की न्यायालयाने मागे सरकावे असे होत नाही, या आशयाचे बोल सुनावून निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये कळले ते इतकेच की, तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता येत नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला जे सरकार दाद देत नाही, ते एकट्यादुकट्या नागरिकाच्या अर्जाला काय उत्तर देणार?

पाळत नकोच, असे मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातले फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले नसते, तर कटाचा सर्वांत बोलका पुरावा हाती लागला नसता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालात त्या संभाषणांचे उतारे पानेच्या पाने आले आहेत. अशा रात्री न्यायाधीशाच्या दारात उभे राहायला वेळ नसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण तातडीची तरतूद आजच्या नियमांतही आहे : वरिष्ठ पोलीस अधिकारी आधी काम सुरू करतो आणि काही दिवसांत गृहसचिवांची संमती घेतो. ती संमती गृहसचिवांऐवजी न्यायाधीशाने दिली, तर त्या रात्रीचा एकही मिनिट वाया जात नाही. ब्रिटनने २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताची मोहोर आवश्यक केली आणि तातडीच्या प्रसंगी ती नंतर घेण्याची मुभा ठेवली. त्या देशाचे गुप्तहेर खाते त्यामुळे बंद पडल्याचे ऐकिवात नाही.

न्यायाधीशही डोळे मिटून सही करतील, हा दुसरा आक्षेप मला अधिक विचारात पाडतो. अमेरिकेत परकीय हेरगिरीविषयक न्यायालय १९७८ पासून आहे आणि त्याने फेटाळलेले अर्ज फारच थोडे आहेत. तरीही फरक पडतो, असे मला वाटते. आपल्या बढतीशी, बदलीशी, गोपनीय अहवालाशी संबंध नसलेल्या माणसासमोर कारण लिहून मांडायचे म्हटले की मुळात अर्जच जपून केले जातात, आणि लिहिलेले कारण पुढे कधीतरी तपासता येते. तेलंगणात २०२४ मध्ये उघड झालेल्या फोन टॅपिंग प्रकरणात पोलीस अधिकाऱ्यांवर निवडणुकीनंतर हार्ड डिस्क नष्ट केल्याचा आरोप आहे. सरकार बदलले म्हणून तो बाहेर आला. न्यायालयाच्या दप्तरी नोंद असती, तर असे प्रकार सत्तांतराची वाट न पाहता उघड होऊ शकले असते.

‘ज्याने काही केले नाही त्याला लपवायचे काय’ हा तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप. तो करणारे लोक आपले पगारपत्रक, आपला वैद्यकीय अहवाल किंवा आपल्या भावाशी झालेले भांडण शेजाऱ्याला वाचायला देत नाहीत, हे सोडून देऊ. मुद्दा असा की, पाळत सर्वांवर सारखी पडत नाही. ती पत्रकाराच्या सूत्रावर, खटला चालवणाऱ्या वकिलावर, आंदोलनाच्या आयोजकावर आणि विरोधी उमेदवारावर पडते, आणि ती पडू शकते एवढे कळले तरी बातमी देणारा अधिकारी फोन उचलायचे बंद करतो. ज्याला स्वतःला लपवायचे काही नाही, त्यालाही त्या बातमीची गरज असते.

कायद्यात बदल करायचा तर पहिला न्यायाधीशाचा आणि दुसरा कळवण्याचा. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये, पाळत संपल्यावर संबंधित व्यक्तीला ते कळवण्याची तरतूद नाही, या कारणावरून तिथला कायदा घटनाबाह्य ठरवला आणि नवा कायदा होईपर्यंत आदेशाची मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत कळवावे, असे बंधन घातले. सुरक्षेला धोका असेल तर न्यायाधीशाच्या परवानगीने ती मुदत लांबवता येते. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. आपल्या नियमांनुसार पाळतीचे कागद व ध्वनिमुद्रणे, कामकाजासाठी गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायची असतात. ही तरतूद खासगीपणाच्या रक्षणासाठी म्हणून केलेली आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला असेलही. पण ज्याला कधी कळवलेच नाही त्याच्या बाबतीत तिचा परिणाम एवढाच होतो की, त्याने कधी काळी न्यायालयात धाव घेतलीच, तर दाखवायला कागद उरलेला नसतो.